हाताने घडवलेला सुरा आणि उणे पंधराची थंडी

भटक्या_उत्तरेचा

नमस्कार मंडळी. एका हौशी लोहाराकडून सुरा करून घेतला आहे. पोलाद १०८४, पातं ११ सेंटिमीटर, पाठीशी जाडी साडेतीन मिलिमीटर. टँग, म्हणजे पात्याची मुठीत शिरणारी शेपटी, मुठीच्या आत लपलेला, मूठ बर्चच्या लाकडाची, पुढे पितळेचं कडं, म्यान चामड्याचं. या हिवाळ्यात बर्फात तंबू ठोकून राहायचा बेत आहे. रात्री पारा उणे १५ पर्यंत उतरेल असा अंदाज आहे. कामं नेहमीचीच: बारीक सरपण फोडणं, शेकोटीसाठी झिलप्या काढणं, खुंट्या तासणं, दोर कापणं.

पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "थंडीत पोलाद ठिसूळ होतं, त्यात हातचं काम, जपून रे बाबा." यात तथ्य किती? आणि न्यायचाच तर तयारी काय करू? कारखान्यातला सुरा घे हा सल्ला कृपया नको. तो घरच्यांनी देऊन झाला आहे.

ऐरणकर

तथ्य आहे, पण लोक बोट दाखवतात त्या जागी नाही.

कमी कार्बनचं बांधकामी पोलाद एका ठरावीक तापमानाच्या खाली गेलं की धक्का सोसायची त्याची ताकद एकदम कोसळते. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' हे कोरं करकरीत तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना दुभंगलं. थंडी, खाच सहन न होणारं पोलाद आणि वेल्डिंगमधले दोष असं सगळं तिथे जुळून आलं होतं. हा किस्सा ऐकलेला माणूस मग सुऱ्यालाही तोच नियम लावतो.

सुऱ्याचं तसं नाही. ५८-६० रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे कडकपणाचं माप) पाणी दिलेलं, म्हणजे लालबुंद तापवून एकदम गार करून कडक केलेलं पातं भर उन्हाळ्यातही फार चिवट नसतंच. कडकपणा हवा म्हणून चिवटपणा आपण आधीच मोजून दिलेला असतो. थंडीत उरलेला चिवटपणा अजून थोडा उतरतो, पण हळूहळू. त्यामुळे उन्हाळ्यात जेमतेम तगणारं पातं हिवाळ्यात दगा देईल, आणि नीट पाणी दिलेलं पातं उणे १५ ला मुकाट काम करेल. थंडी नवा दोष तयार करत नाही, आत असलेला बाहेर काढते.

तेव्हा पोलादाच्या नावावर चर्चा करण्यापेक्षा तुमच्या लोहाराला तीन गोष्टी विचारा.

एक, पाणी देण्याआधी पातं किती तापवलं होतं आणि त्याआधी नॉर्मलाइझ केलं होतं का, म्हणजे तापवून हवेत सावकाश गार होऊ दिलं होतं का. १०८४ ला साधारण ८१५ अंश सेल्सिअस पुरतं. भट्टीत डोळ्याच्या अंदाजाने काम करणाऱ्यांकडून ते सहज ९०० च्या वर जातं, मग पोलादाचा दाणा, म्हणजे आतले बारीक स्फटिक, जाड होतो. जाड दाण्याचं पातं वरून चकाचक दिसतं, मोडल्यावर आत खडबडीत, चमचमणारी रवाळ भेग दिसते. थंडीत सगळ्यात आधी मोडतं ते हेच.

दोन, टेम्पर (पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा मंद तापवणं) किती अंशाला आणि किती वेळा. २०० ते २२० अंश आणि दोन वेळा असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे. "तेलात बुडवलं आणि दिलं" असं उत्तर आलं तर तो सुरा भिंतीवर टांगा.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: पात्याची रुंदी संपून टँग सुरू होतो तिथला आतला कोपरा कसा आहे? तो चौकोनी कानशीने काटकोनात काढला असेल तर प्रत्येक ठोक्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. गोल कानशीने दीड-दोन मिलिमीटरची गोलाई ठेवली असेल तर तोच ताण पसरतो. हिवाळ्यात मोडलेले हातचे सुरे बघा, बहुतेक मुठीच्या तोंडाशीच मोडलेले असतात, पितळेच्या कड्याच्या आत, जिथे कुणाला काही दिसत नाही.

शंकासुर

ऐरणकर, मग स्टेनलेस घेतलं असतं तर ही कटकट मिटली असती का?

ऐरणकर

गंजाची मिटली असती, ही नाही. धार धरणारं स्टेनलेसही पाणी देऊनच कडक केलेलं असतं, त्यामुळे थंडीचा नियम त्यालाही लागू. ज्या स्टेनलेसला थंडीत फरक पडत नाही ते ३०४ सारखं, भांड्यांचं. त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही, मग सुऱ्याला काय कामाचं?

थंडीत पोलाद चिवट ठेवायचं तर निकेल घालतात. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशाला साठवतात, त्या टाक्यांच्या पोलादात ९ टक्के निकेल असतं. सुऱ्यांच्या पोलादांपैकी १५एन२० मध्ये साधारण २ टक्के असतं, म्हणून ते करवतीच्या पात्यांना आणि १०८४ सोबत थर लावून दमास्कसला, म्हणजे नक्षीदार थरांच्या पोलादाला, वापरतात. ५१६० हे गाडीच्या पाट्यांचं पोलादही चिवट म्हणून नावाजलेलं, त्यात कार्बनच कमी, ०.६ टक्क्याच्या आसपास. पण वाईट पाणी दिलेल्या ५१६० पेक्षा चांगलं पाणी दिलेलं १०८४ कधीही बरं.

लाकूडफोड्या

पोलादावर बोलून झालं, आता लाकडावर बोला. कारण हिवाळ्यात बदलतं ते लाकूड.

ओलं लाकूड गोठलं की त्याच्या पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होतो. तासायला गेलात तर ते धारेला वेगळंच लागतं, सुरी घुसण्याऐवजी वर सरकते. गंमत म्हणजे तेच गोठलेलं लाकूड सरळ रेषांचं असेल तर फुटतं मात्र झकास. दोन ठोक्यांत टाळी वाजल्यागत आवाज करून दोन फाका. म्हणून हिवाळ्यात फोडा भरपूर, तासा कमी. आणि तासायचं ते वाळकं, उभं मेलेलं लाकूड निवडा.

खरी कसोटी गाठीची. देवदार-पाइनच्या कुळातली वाळकी फांदी घ्या, तिच्या बुडाशी तपकिरी, राळेने भरलेली गाठ असते. ही गाठ उन्हाळ्यातही दगड असते. गारठ्यात तिच्यावर पातळ धार आडवी ओढलीत की धारेला दाते पडलेच म्हणून समजा. बोटाच्या नखावरून धार अलगद फिरवून बघा, जिथे नख अडखळेल तिथे कपची उडालेली आहे. गाठ आली की बाजूने जा, किंवा ती फांदीच आगीत टाका. गाठीशी हट्ट करून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

ठोकायचंच असेल तर लाकडी ठोकळ्याने. हातोडी किंवा कुऱ्हाडीची पाठ पात्यावर मारणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. पाठीवर कडक पोलादाने कडक पोलाद ठोकणं म्हणजे भेगेला आमंत्रण. ओंडका मनगटापेक्षा जाड नको, पात्याचं टोक बाहेर दोन बोटं उरलं पाहिजे, आणि पातं अडकलं तर मूठ वरखाली हलवून सोडवायचं नाही. ऐरणकरांनी सांगितलेला कोपरा तिथेच तुटतो. अडकलेल्या पात्याशेजारी लाकडी पाचर ठोका, फाक आपोआप उघडते.

आणि एक. पातं "जरा शेकून" घ्यायला शेकोटीवर धरू नका. टेम्पर २०० अंशाचा आहे, निखाऱ्यांचं तापमान त्याच्या कितीतरी वर. धार कागदाइतकी पातळ, ती काही क्षणांत तापते आणि कायमची मऊ होते. पातं ऊबदार हवं तर म्यानासकट कोटाच्या आत थोडा वेळ ठेवा. तेवढं पुष्कळ.

शंकासुर

> फोडा भरपूर, तासा कमी

सहमत. पण मग सुरा कशाला, छोटी कुऱ्हाड आणि करवत न्या की.

लाकूडफोड्या

न्याच. करवत आणि कुऱ्हाड सोबत असली तर सुऱ्याकडे फक्त झिलप्या, दोर आणि बारीक कामं उरतात. तीच त्याची खरी कामं. सुरा एकटा नेऊन त्याच्याकडून कुऱ्हाडीचं काम करून घ्यायचं हे व्हिडिओंमुळे बोकाळलेलं खूळ आहे.

बधिरबोटे

तुमचं पोलाद टिकेल हो, बोटांचं काय?

हाताच्या कातडीचं तापमान १५ अंशाच्या खाली गेलं की बोटांची चपळाई कमी होऊ लागते. ७-८ अंशाला तर स्पर्शच कळेनासा होतो. माणसाला वाटतं आपण मूठ घट्ट धरली आहे, प्रत्यक्षात ती सैल असते. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर रक्तही पटकन दिसत नाही. हातमोज्यात काहीतरी चिकट लागतंय म्हणून बघावं तर बोट उघडं. तंबूत जाऊन हात गरम झाले की मग भळाभळा सुरू होतं.

म्हणून माझा एक साधा नियम. अंगठा करंगळीला टेकत नसेल तर सुरा म्यानातून काढायचा नाही. आधी हात काखेत घालून गरम करायचे. कंटाळवाणं वाटतं, पण बर्फात टाके घालायला कुणी येत नाही.

बसायची पद्धतही बदला. मांडीवर लाकूड ठेवून तासू नका, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. कोपरं गुडघ्यांवर, लाकूड गुडघ्यांच्या पुढे, पातं अंगापासून लांब. जाड कपड्यांमुळे वाटतं आपण सुरक्षित आहोत, पण ताजी धार कोट, पँट आणि आतलं लोकरीचं सगळं एका दमात पार करते.

आता पितळेच्या कड्याबद्दल. लाकडाच्या मानाने पोलाद शेकडो पट वेगाने उष्णता ओढतं आणि पितळ पोलादाच्याही दुप्पट. तुमची तर्जनी नेमकी त्या कड्यावर टेकणार. दिसायला सुंदर, उणे १५ ला वैरी. आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पातं दातात धरायची सवय असेल तर आत्ताच सोडा, ओल्या ओठाची कातडी गोठलेल्या धातूला चिकटून निघते.

हिमगौरी

बधिरबोटे यांना +१. टँग लपलेला आहे ही या सुऱ्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या आणि मधून पोलादाची पट्टी उघडी, अशी मूठ असती तर तळहात दिवसभर धातूला टेकला असता.

थंड प्रदेशातल्या लोकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. फिनलंडचा पुक्को बघा: टँग आत, मूठ बर्चची किंवा बर्चच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून केलेली. साल हाताला उबदार लागते आणि ओली झाली तरी निसटत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेकडच्या सामी लोकांचा लेउकू आकाराने मोठा, पातं २० सेंटिमीटरच्या आसपास, आणि मुठीचं मागचं टोक रुंद होत गेलेलं, म्हणजे जाड हातमोजा घालूनही सुरा हातातून सटकत नाही. लेउकूचं पातं मुद्दाम फार कडक ठेवत नाहीत. धार लवकर जाते, पण दाते पडत नाहीत.

म्यानाकडे मात्र धागाकर्त्याने लक्ष द्यावं. चामडं बर्फात भिजतं, रात्री गोठतं, आणि सकाळी सुरा आत घट्ट बसलेला असतो. अशा वेळी हिसका मारून ओढला तर पातं म्यानाची शिवण कापत बाहेर येतं, समोर बोटं असली तर बोटंही. चामड्याला मेणाचा हात द्या. म्यानाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोक आहे ना ते बघा. पुक्कोच्या पारंपरिक म्यानात आत लाकडी अस्तर असतं, ते याच कामाचं, चामडं ओलं होऊन आकसलं तरी पात्याला चिकटत नाही. तुमच्या लोहाराला करता आलं तर करून घ्या.

कोट लांब असेल तर म्यान कमरेला घट्ट न बांधता पट्ट्याने खाली लोंबतं ठेवा, नाहीतर दर वेळी कोट वर करावा लागतो.

शंकासुर

चामड्याचं एवढं कौतुक कशाला? कायडेक्स घ्या, पाणी शोषत नाही, गोठायचा प्रश्नच नाही.

हिमगौरी

कायडेक्स प्लास्टिकच आहे, गारठ्यात कडक होतं आणि दगडावर आपटलं तर तडकू शकतं. शिवाय आत वितळलेला बर्फ पुन्हा गोठला तर तेही पात्याला धरून बसतं.

शंकासुर

तडकलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि आतला बर्फ दोन टिचक्या मारल्या की निघतो, चामड्यातला निघत नाही.

हिमगौरी

असो. ज्याला जे रुचेल ते. सुऱ्याला भडक रंगाची दोरी मात्र लावाच. भुसभुशीत बर्फात पडलेला सुरा दिसत नाही, फक्त एक चीर दिसते, आणि तीही वारा दोन मिनिटांत बुजवतो. दोरी मनगटात अडकवून काम करू नका, हातून निसटलेलं पातं झोका घेऊन परत तुमच्याकडेच येतं.

निसणा

उशिरा आलो, धारेबद्दल फारसं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

हातचे छोटे सुरे बहुतेक एकाच रुंद उताराचे असतात, दोन्ही बाजू मिळून कोन २० ते २५ अंश. लाकडात मस्त चालतात. पण तो उतार अगदी शून्यावर आणलेला असेल तर गोठलेल्या लाकडात धारेचं टोक उडतं. हिवाळ्यापुरता त्यावर बारीक दुसरा कोन चढवा. बारीक दगडावर पातं किंचित उचलून दोन्हीकडून चार-पाच हलके हात, बस. डोळ्याला केसाएवढी चकाकती रेघ दिसली की थांबा. झिलप्या थोड्या जाड निघतील, पण धार दिवसभर टिकेल.

पाण्यात भिजवायचा दगड बर्फात नेऊ नका. आत मुरलेलं पाणी गोठलं की दगड तडकतो. डायमंडची छोटी पट्टी न्या, कोरडी चालते. सोबत चामड्याची पट्टी आणि क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट.

गंजाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. बाहेर कडाक्याच्या थंडीत पातं फारसं गंजत नाही, हवा कोरडी असते. गंज चढतो तंबूत किंवा खोलीत आणल्यावर. गार पात्यावर आतल्या उबदार हवेतलं बाष्प दव होऊन बसतं, पातं बघता बघता पांढुरकं, मग ओलं होतं. तेच पातं तसंच म्यानात खुपसलं की चामडं ती ओल धरून ठेवतं आणि सकाळी नारिंगी ठिपके. म्हणून एकतर रात्री सुरा बाहेरच्याच थंडीत, तंबूच्या पडवीत ठेवा, नाहीतर आत आणल्यावर दव धरू द्या, पुसा, पूर्ण कोरडं करा, मग पातळ तेलाचा हात. घट्ट ग्रीस नको, गारठ्यात त्याचा गोळा होतो.

मुठीला जवसाचं उकळलेलं तेल जाण्याआधी दोन-तीन आठवडे तरी द्या, ते सुकायला वेळ घेतं. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

भटक्या_उत्तरेचा

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

लोहाराला फोन केला. टेम्पर २०५ अंशाला, दोन तास, दोन वेळा. टँग नंतर वेगळा तापवून निळा होईपर्यंत मऊ केला आहे म्हणतो. कोपरा गोल कानशीने काढल्याचा मूठ बसवण्याआधीचा फोटोही त्याने पाठवला, गोलाई स्पष्ट दिसते. आता निघण्याआधी घरी काही चाचणी करता येईल का?

ऐरणकर

फोटो ठेवणारा लोहार मिळाला, नशीबवान आहात. टँग निळा केला हे उत्तम, तिथे कडकपणाचं कामच नसतं.

चाचणी सोपी. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ ला असतो. सुरा पिशवीत बांधून रात्रभर आत ठेवा. शेजारी मनगटाएवढं वाळकं लाकूडही ठेवा. सकाळी डोळ्याला चष्मा लावून, लाकडी ठोकळ्याने ते लाकूड चौफाक करा. मग भिंगाखाली धार बघा, आणि कड्यापाशी पात्याच्या दोन्ही बाजू. मुद्दाम वाकवून बघायचं नाही, आडवं ठोकायचं नाही. जे काम तिथे करणार तेवढंच इथे करा.

शंकासुर

पिशवीवर नाव लिहा. सकाळी दूध काढायला गेलेल्या माणसाच्या हाती सुरा लागला तर बेत तिथेच रद्द होईल.

भटक्या_उत्तरेचा

केली चाचणी. धार शाबूत, एकही दाता नाही, पातं सरळ. पण बाहेर काढल्यावर पात्यावर दव धरलं तेव्हा एक गोष्ट दिसली. पितळेचं कडं आणि लाकूड मिळतात तिथे ओलीची एक बारीक रेघ आत ओढली गेली. कोरडं असताना तिथे काहीच दिसत नव्हतं. आता नख फिरवलं तर एका बाजूला किंचित अडतं. काळजीचं आहे का?

ऐरणकर

पात्याच्या दृष्टीने नाही, सांध्याच्या दृष्टीने आहे. थंडीत पितळ, इपॉक्सी आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यात हिवाळ्याची कोरडी हवा लाकडातली ओल ओढून घेते. तिथे चीर राहिली की वितळलेला बर्फ आत शिरणार, रात्री गोठून चीर रुंद करणार, आणि टँग आतून गंजणार. तुम्हाला ते कधीच दिसणार नाही.

मूठ दोन दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवा. आतली ओल पूर्ण गेली की पातळ सुपरग्लू सांध्यावर थेंब थेंब सोडा, तो आपणहून आत ओढला जातो. सुकला की बारीक पॉलिश पेपरने वरचा थर काढा आणि कड्याच्या कडेने मेण चोळा. मग पुन्हा एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून दव धरू द्या. रेघ परत दिसली तर लोहाराकडे पाठवा, त्याला कडं काढून नव्याने बसवू दे.

बधिरबोटे

आणि कडं काढणारच असाल तर त्याला पितळेऐवजी शिंगाचं बसवायला सांगा.